बाईजाचं पोर बेरोजगार झालं

बाईजाच्या वाडीत अनोळखी माणसाने येऊन "मुलगा काय करतो?" असं विचारलं, की त्याचा अर्थ एकच होतो. सोयरीक. धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, उन्हातान्हात दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी येऊन एखाद्याच्या पोराची चौकशी करेल असं वाडीला वाटतच नाही, आणि आजवरचा अनुभव पाहता वाडीचं फारसं चुकतही नव्हतं. अशा वेळची एक रीत आहे. ज्याच्याशी पाण्यावरून भांडण झालंय, बांधावरून ज्याचं तोंड बघायचं नाही, तोसुद्धा सोयरिकीला आलेल्या पाहुण्यापुढे त्या घराबद्दल वाकडा शब्द काढत नाही. उलट चार गोष्टी वाढवून सांगतो. आधी मुलगी वाडीत येऊ दे, मग आपापली भांडणं आहेतच की.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी रंजिता स्कूटरवरून उतरली, खांद्याची पिशवी सावरत पहिल्याच घरासमोर थांबली आणि "अनंताकाकांचं घर कुठलं? घरात कोण कोण असतं? कामाला कोण जातं?" असं विचारती झाली, तेव्हा त्या घरच्या सकुबाईने आपलं कर्तव्य केलं. हातातलं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "पोरगा एकच हाय. कंपनीत हाय. पर्मनंट. गुणाचा पोर." हे सांगून झाल्यावर ती परसातून धावत गेली आणि रंजिता रस्त्याने पोचायच्या आत बाईजाच्या मागच्या दारात उभी राहिली.

"गो बाईजा, लुगडं बदल. सोयरीक आली. बाई एकलीच हाय, स्कूटर घेऊन. मी पोर कंपनीत हाय म्हून सांगितलाय, तू दुसरा काय सांगू नको."

आता ह्या पोराची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सकुबाईचा खोटेपणा तेवढा दिसेल आणि माया दिसायची नाही.

पोराचं नाव भाविक. मुरबाडला आयटीआयमध्ये फिटरचं शिकला आणि शिकून झाल्या झाल्या तिथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटदाराकडून लागला. कंत्राटदाराकडून म्हणजे कंपनीत नव्हे, हा फरक त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, पण वाडीत तो कुणी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही. कंपनीने दिलेले काळे, पुढे लोखंड असलेले सेफ्टी शूज घालून तो पहाटे धसईच्या एसटीला जायचा तेव्हा बाईजा दारात उभी राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघायची. दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा. बोलण्यासारखं काही नसायचंच. "आई, जेवलीस का?" एवढं विचारायचा, तिने हो म्हटलं की ठेवून द्यायचा. तिने कधी नाही म्हटलं नाही. पण त्या फोनच्या आधी ती कधी जेवलीही नाही, हे त्याला आजही माहीत नसेल.

मग कंत्राटदार बदलला. नवा आला तो आपली माणसं घेऊन आला. भाविकसकट बरीच पोरं एका सोमवारी गेटवरूनच परत फिरली.

पहिले काही महिने त्याने खूप धडपड केली. भिवंडीची गोदामं पालथी घातली, कल्याणला जाऊन आला, मुरबाडच्या प्रत्येक गेटवर उभा राहिला. सगळीकडून "कळवतो" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी एका गोदामातल्या साहेबाने त्याचे कागद न्याहाळून विचारलं, "इतके महिने घरी काय करतोयस? एवढे दिवस कुणी घेतलं नाही म्हणजे तुझ्यातच काहीतरी खोट असणार." तिथली दोन माणसं हसली. साहेब हे बोलला आणि पुढच्याला हाक मारून मोकळा झाला. भाविक मात्र ते वाक्य घरी घेऊन आला. त्यानंतर तो कुठे गेला नाही. भातकापणीलाही उतरला नाही. ओटीवर भिंतीला टेकून मोबाईल बघत बसायचा. म्हशाच्या जत्रेला सगळी वाडी गेली, हा गेला नाही, कारण जत्रेत सगळं गणगोत भेटतं आणि सगळे एकच विचारतात.

सेफ्टी शूज त्याने घराच्या आतल्या खुंटीला टांगून ठेवले होते. पावसाळ्यात त्यांना बुरशी आली तशी बाईजाने ते उतरवून फडक्याने पुसले, खोबरेल लावलं, उन्हात ठेवले आणि पुन्हा टांगले. पुढे दर काही दिवसांनी ती ते करू लागली. भाविक नुसता बघायचा.

असं हे पोर. आणि वाडी त्याला तोंडावर "काय कंपनीवाले?" म्हणून टोचायची, हेही खरं. पण परकं माणूस आलं की तीच वाडी त्याला पर्मनंट करून टाकायची.

रंजिता ओटीवर आली तेव्हा बाईजा जत्रेत घेतलेलं हिरवं लुगडं नेसून तयार होती. शेतकरी नवरा अनंता खाटेवर सरळ होऊन बसला. पाणी दिलं, चहा टाकला. रंजिताने पिशवीतून टॅब काढला, आणि मी सरकारी सर्वेक्षणातून आले आहे, रोजगाराची माहिती घेते, तुमचं घर यात निवडलं गेलं आहे, असं सगळं रीतसर सांगितलं. बाईजाने मान डोलावली. तिच्या कानांनी ते ऐकलं असेल, पण मनात सोयरीक बसली होती, तिथे सर्वेक्षणाला जागा नव्हती. हल्ली शिकलेल्या बायका टॅबवर बघून सोयरीक जमवत असतील, तिने आपली समजूत करून घेतली.

"काका काय करतात?"

"शेती हाय. आपली सोताची."

"आणि मावशी, तुम्ही?"

"मी? मी घरीच असते."

"ही वालाची पापडी कुणाची?" ओटीच्या कडेला टोपली भरलेली होती, बाजारासाठी.

"माजी. मागल्या शेतात वाल टाकलाय, भेंडी हाय थोडी. उद्या धसईला नेईन."

"लावली कुणी?"

"मी."

"विकायला कोण बसतं?"

"मी. ह्यांना भाव करता नाय येत." अनंताने मान खाली घातली, म्हणजे ते खरंच होतं.

रंजिता हसली. "मग घरी कुठे असता मावशी? हा तुमचा स्वतःचा धंदा आहे. याला स्वयंरोजगार म्हणतात. तुम्ही आणि काका दोघं एकाच रांगेत." बाईजाला यातलं निम्मं कळलं, पण मुलाच्या आईची चांगली छाप पडली एवढं कळलं आणि ती खूश झाली.

"मुलगा?"

"कंपनीत. मुरबाडला. पर्मनंट हाय."

"गेल्या सात दिवसांत कुठल्या कुठल्या दिवशी गेला होता कामाला?"

"सगळ्या."

"रविवारी पण?"

"रविवारी पण. लय कामाचा हाय गो."

आणि नेमका त्याच वेळी भाविक आतून बाहेर आला. मंगळवार, सकाळची वेळ, अंगात बनियन, केस विस्कटलेले.  "आज सुट्टी हाय त्याला," बाईजा घाईघाईने म्हणाली. "म्हंजे... आजच."

रंजिताने एकदा हिरव्या लुगड्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि मग कुंपणापलीकडे कान टवकारून उभ्या असलेल्या सकुबाईकडे. रंजिता शहापूरची. तिचंही आजोळ असल्याच एका वाडीतलं. तिच्या सगळं ध्यानात आलं. तिने टॅब मांडीवर उलटा ठेवला आणि गळ्यातलं मंगळसूत्र ओढणीबाहेर काढलं.

"मावशी, मी सोयरिकीसाठी नाही आले हो. माझंच लग्न झालंय, मुलगा बालवाडीत जातो. मी खरंच सर्वेक्षणाची. तुम्ही सांगाल ते कुणा पाहुण्यांच्या कानावर जाणार नाही. वाडीतही कुणाला सांगणार नाही मी."

 कुंपणापलीकडे सकुबाई हळूच खाली बसली. बाईजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गंमत बघा, तेवढ्यात तिला पहिल्यांदा असंही वाटलं की चला, एक तरी बाई अशी आली जिच्यापुढे खोटं सांगायला नको. तिने पदराने चेहरा पुसला.

"मंग पुसून टाक गो. पोर घरी हाय. कंत्राटी व्हता, काढला त्याला."

रंजिताने भाविकला विचारलं, अगदी हलक्या आवाजात. गेल्या सात दिवसांत कुठल्या दिवशी एखादा तास तरी काम केलं? घरच्या शेतात, गुरांचं, काहीही? नाय. काम शोधायला गेला होतात? कुणाला फोन केला, कुणाला सांगून ठेवलं? नाय.

"आणि मिळालं असतं तर केलं असतं?"

भाविकने दारातून आतल्या खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको मला."

रंजिताने बोट टेकवलं. बाईजाने मान लांब करून टॅबमध्ये पाहिलं, जणू तिला वाचता येणार होतं. "काय लिवलंस?"

रंजिताला सांगायचं नव्हतं. पण बाईजाचा चेहरा बघून तिला खोटं बोलवेना. ती म्हणाली, "मावशी, जे काम करतात ते एका बाजूला. जे काम करत नाहीत पण शोधतात, मिळालं तर करायला तयार असतात, ते बेरोजगार. हे दोन्ही मिळून श्रमशक्ती. आणि जे करतही नाहीत, मागतही नाहीत... शिकणारी मुलं, म्हातारी माणसं, आजारी... ते श्रमशक्तीच्या बाहेर."

"ह्यो कुठं?"

"सध्या बाहेर."

"म्हंजे आमच्या हनुमानआजाबरोबर?" हनुमानआजा हा पलीकडल्या घरातला म्हातारा, खाटेवरून उठत नव्हता. "माजा धडधाकट पोर त्याच्या शेजारी बसवलास तू?"

 भाविक उठला आणि परसाकडे निघून गेला. अनंताने तंबाखू मळायला घेतली आणि न खाताच टाकून दिली. बाईजा टोपलीतल्या शेंगा उगाच वरखाली करत राहिली, आणि मग जे तिच्या मनात होतं ते आपोआप तोंडातून निघालं.

"घरात आमी दोघं आत. आन् एकटा पोर बाहेर."

रंजिताने चहा संपवला. जाताना एवढंच सांगितलं, की या घराला अशा चार भेटी आहेत, महिन्याला एक, आणि ती पुढच्या महिन्यात येईल.

बाईजाच्या आयुष्यात दुःखं झाली नव्हती असं नाही. पण त्या दुःखांना नावं होती. ताप होता, अवकाळी पाऊस होता, लहानपणीच गेलेली एक मुलगी होती. भाविकच्या दुःखाला नाव नव्हतं, म्हणून ती त्याला हातच लावू शकत नव्हती. वाडी रिकामा म्हणायची, भावकी नशीब म्हणायची, अनंता काहीच म्हणायचा नाही. त्या टॅबवाल्या पोरीने पहिल्यांदा नाव दिलं. बाहेर. आणि बाईजाला ते बोचलं खरं, पण जे बाहेर आहे ते आत आणता येतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने जन्मभर गुरं, भात आणि पोरं पावसाच्या आधी आतच आणली होती.

मार्चमध्ये रंजिता आली तेव्हा हिरवं लुगडं नव्हतं. बाईजा रोजच्याच लुगड्यात भेंडी तोडून नुकतीच आली होती. प्रश्न तेच, उत्तरं तीच. नाय, नाय, नको. पण या वेळी भाविक उठून गेला नाही. रंजिता टॅब बंद करत होती तेव्हा त्याने विचारलं.

"ताई, तिकडं बाहेर लय लोक असतात काय?"

"खूप असतात."

"एकदा लिवला की लिवला?"

"छे! म्हणून तर दर महिन्याला येते ना मी. मागच्या खेपेला काय लिहिलं ते धरून बसायचं नाही, असंच आम्हाला शिकवलंय. मी तुमचं सगळं आयुष्य विचारतच नाही. गेल्या सात दिवसांचं विचारते. लोक येतात, जातात. आत, बाहेर. एखादा आज बाहेर असतो, पुढच्या खेपेला कामावर असतो." मग ती म्हणाली, "माझंही कंत्राटच आहे. मागचं संपलं तेव्हा हे मिळेपर्यंत मीही घरीच होते. सासरी कुणी विचारलं तर पोराचं आजारपण सांगायची."

भाविकने तिच्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "गोदामातला साहेब सगळ्या महिन्यांचा हिशेब मागत व्हता. तुमी सातच दिवस विचारता."

एवढं लांब वाक्य त्या घराने त्याच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. आणि गोदाम, साहेब, हिशेब, हे सगळं बाईजाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्या पोराला कुणीतरी असं बोललं आणि आपण इकडे नुसते शूज पुसत बसलो, या विचाराने तिला भडभडून आलं. पण ती रडली नाही. चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारत राहिली.

त्या दिवसापासून तिने एक बदल केला. पोराला "आता पुढं काय करशील?" हे विचारणं तिने सोडलं. पुढचं कुणाला माहीत असतं? त्याऐवजी धसईच्या बाजाराहून आली की पदराला बांधलेली भजी त्याच्यापुढे ठेवायची आणि विचारायची, "ह्या हप्त्यात काय केलास रे?" तो म्हणायचा, "नाय काय." ती म्हणायची, "बरा. खा." बस्स. अनंताला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण पोर भजी खायला लागलं, हे त्यानेही पाहिलं.

आणि आणखी एक गोष्ट. कुणी विचारलं तर ती खरं सांगू लागली. वैशाखरे गावाहून नणंद शीतल आली, तिने नेहमीसारखं भाविकचं विचारलं, तर बाईजा म्हणाली, "घरी हाय. काढला त्याला."  ओटीवर बसलेल्या भाविकने मान वर केली. आपल्या आईला आपली लाज वाटत नाही, हे माणसाला कुणी सांगून पटत नाही. ते असं कानावर पडावं लागतं.

एप्रिलात राब भाजायचे दिवस आले. राब म्हणजे भाताची रोपं करायची ती जागा. तिथे पावसाच्या आधी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, मग रोप जोमाने येतं. अनंताचा खांदा दुखत होता. तो भारे वाहून नेताना दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मागून कुणीतरी भारा उचलला. भाविक. दोघं बापलेक संध्याकाळपर्यंत पसरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटवलं आणि धूर डोंगराकडे गेला.

त्याच हप्त्यात रंजिता तिसऱ्या भेटीला आली तेव्हा बाईजाने चहाच्या आधी तेच सांगितलं. रंजिताने विचारलं, किती वेळ केलं? बाईजा म्हणाली, दिवसभर. सकुबाई कुंपणावरून ओरडली, "दोन दिवस!" सोयरीक नसली तरी आता तिलाही या प्रश्नांची गोडी लागली होती.

"एक तास पुरतो मावशी," रंजिता म्हणाली. "मग भाविक कामावर. घरच्या शेतीतला बिनपगारी मदतनीस."

"म्हंजे आत?"

"आत."

बाईजाला खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पोराकडे पाहिलं आणि तो अर्धाच राहिला, कारण भाविक हसला खरा, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. रंजिता गेल्यावर तो म्हणाला, "आई, तिच्या टॅबात मी कामाला हाय. पण तुला मला दोघांना म्हायत हाय. राब भाजून झाला. आता पाऊस येईपर्यंत मी परत तिथंच."

 बाईजा आत गेली, खुंटीवरचे शूज उतरवले, फडकं घेऊन ओटीवर येऊन बसली. रोजच्यासारखीच पुसू लागली. थोड्या वेळाने भाविकने तिच्या हातातून एक बूट घेतला आणि दुसरं फडकं शोधलं.

"मामाला फोन लाव," तो म्हणाला. "आसनगावला नवीन शेड झाल्यात म्हनत व्हता."

मामा म्हणजे बाईजाचा भाऊ मनोज, शहापूरकडे आसनगावला राहायचा. त्याने कितीदा बोलावलं होतं. बाईजाने फोन लावला खरा, पण भावाचा आवाज येताच अनंतानेच तिच्या हातातून फोन घेतला आणि तो भिडस्त माणूस मेव्हण्याशी चक्क मोठ्याने बोलला.

शेवटची भेट मे महिन्यात होती. ओटीवर करवंदांची टोपली होती, जी बाईजा उद्या धसईला नेणार होती. खुंटी रिकामी होती. रंजिता बसली, आणि तिने विचारायच्या आतच सकुबाई कुंपणातून नव्हे, सरळ दारातून आत आली आणि बाईजाच्या कानाशी लागली. कानाशी म्हणायचं एवढंच, ऐकू सगळ्यांना गेलं.

"गो, आता गेलाय तर लागला म्हून सांग. शेवटची खेप हाय. चांगला लिवून जाऊ दे पोरीला."

सकुबाईच्या मनात खोटेपणा नव्हता यात. तिच्या लेखी हा घराचा मान होता. शेवटच्या भेटीत जे लिहिलं जाईल तेच राहील, मग ते चांगलं का राहू नये? आणि बाईजालाही क्षणभर मोह झाला. पर्मनंट. केवढा सुंदर शब्द. एकदा तिने तो वापरलाही होता.

"नाय," ती म्हणाली. आणि मग रंजिताकडे वळून सगळं सांगत गेली. "आसनगावला हाय मामाकडं. हा सगळा हप्ता गेटागेटावर फिरला. एका ठिकानी सोमवारी बोलावलाय, लागंल का नाय देवाला म्हायत. एका ठिकानी नाय म्हनाले तर दुसरीकडं गेला. एक तास पन काम नाय मिळाला त्याला. पन शोधतोय गो. मिळाला तर उद्याच उभा राहील." एवढं बोलून तिला धाप लागली. "आता काय लिवतेस?"

रंजिताचे डोळे भरून आले होते. ती नुसती नोंदणारी बाई. असं व्हायला नको होतं, पण झालं.

"बेरोजगार, मावशी."

"हां!" बाईजाने मांडीवर थाप मारली. "तसाच लिव. बेरोजगार. माजा पोर बेरोजगार हाय."

सकुबाई तोंडात बोट घालून बघत राहिली. मागच्या खेपेला पोर कामावर होतं तेव्हा ही बाई गप्प, आणि आज बेरोजगार झालं तर हिला आनंद मावेना. तिने संध्याकाळी सगळ्या वाडीत सांगितलं की बाईजाचं पोर बेरोजगार झालं आणि बाईजाने त्या बाईला अर्धी टोपली करवंदं बांधून दिली. वाडी हसली. हसू दे. वाडीला सगळं कळतं, पण थोडं उशिरा कळतं.

रंजिता निघाली तेव्हा बाईजा स्कूटरपर्यंत पोचवायला गेली. तिथे तिला एकदम काहीतरी आठवलं.

"आता तू येनार नाय?"

"नाही मावशी. तुमच्या घराच्या चारही भेटी झाल्या."

"मंग त्याला काम लागला की कोन लिवनार?"

रंजिता पिशवीचा पट्टा सारखा करत राहिली. "लिहिणार कुणी नाही. पण मला फोन करा. ऐकायला मला फार आवडेल."

स्कूटर वळणाआड गेली. बाईजा ओटीवर आली, पण बसली नाही. अनंताकडून फोन मागून घेतला आणि भाविकला लावला. खूप वेळ वाजला. मग त्याचा आवाज आला, मागे ट्रकांचा घरघराट.

"काय गो आई?"

"ती बाय येऊन गेली. काय लिवला सांगू?"

"काय?"

"बेरोजगार लिवला. खरा तेच सांगितलंय मी." आणि मग, जे सांगायला तिने फोन केला होता ते तिने सांगितलं. "तू आत आलास रे, भाविक. घरातली आपन तिघंबी आत हाय."

पलीकडे ट्रक जात राहिले. बाईजाने फोन कानाला घट्ट धरला. ऊन डोक्यावर आलं होतं, चुलीवरचा भात उतरवून बराच वेळ झाला होता आणि ताट अजून झाकलेलंच होतं.

"आई," भाविकने विचारलं, "जेवलीस का?"